गिऱ्हाईक परत पाठवणारे तिरोडकर

औषधाच्या दुकानदाराने आलेलं गिऱ्हाईक भाजीवालीकडे पाठवावं, हा धंद्याचा कुठला प्रकार, ते मला आजवर कळलेलं नाही. बोरिवली पूर्वेला, स्टेशनकडून हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरोडकरांचं औषधाचं दुकान होतं आणि ते तिथे ऐंशीच्या दशकाची जवळजवळ सगळी वर्षं हेच करत होते. एवढं करूनही दुकान चाललं, याचं श्रेय त्यांच्या धंद्याच्या अकलेला नाही, आमच्या खाण्याच्या अकलेला आहे. आम्ही इतक्या नेमाने आजारी पडायचो की निम्मी गिऱ्हाइकं परत पाठवूनही तिरोडकरांना पुरून उरायची.

माणूस काटकुळा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. चष्मा डोळ्यांवर चढला की समजायचं, आता आपली उलटतपासणी. मूळचे कुडाळकडचे. गिऱ्हाइकाशी शुद्ध मराठीत बोलायचे, आणि राग किंवा माया फार झाली की मालवणीवर यायचे. शेजारी मिठाईचं दुकान होतं. त्या शेठकडे बोट दाखवून तिरोडकर सांगायचे, "हा माल तयार करतो, मी दुरुस्तीचं बघतो. आमची भागीदारी आहे, फक्त कागद झालेला नाही."

कोणी शक्तीचं टॉनिक मागितलं की ते विचारायचे, "काल दिवसभरात काय खाल्लंत?" गिऱ्हाईक बिचारं प्रामाणिकपणे सांगायचं. सकाळी पाव-बटर, दुपारी भात-बटाटा, संध्याकाळी फरसाण, रात्री पुन्हा भात. तिरोडकर मान डोलवून ऐकायचे आणि म्हणायचे, "वा. भात पांढरा, बटाटा पांढरा, पाव पांढरा, वर चहातली साखर पांढरी. ताट आहे की चुना लावलेली भिंत? अहो, गावच्या गाईलासुद्धा चरायला पाच तऱ्हेचं गवत लागतं. तुम्ही पडलात माणूस, तुम्हाला बटाटा पुरतो." मग टॉनिकची बाटली परत फळीवर जायची आणि बोट बाहेरच्या पायरीकडे वळायचं. "लोह हवंय ना? ते तिथे बसलंय. आठ आण्याला जुडी."

पायरीवर जानकी बसायची. ती डोंगरापलीकडच्या पाड्यावरची वारली बाई. पावसाळ्यात तिच्या टोपलीत आमच्यापैकी कोणी नावंही न ऐकलेल्या भाज्या असायच्या. टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं, करटोली. इतर दिवसांत शेवग्याचा पाला, रताळी, तिच्या जमिनीच्या तुकड्यावरची नाचणी, वरी, वाल. आम्ही पांढरपेशी माणसं तिच्या टोपलीकडे दयेने बघत पुढे जायचो आणि कोपऱ्यावरून फ्लॉवर घ्यायचो. फ्लॉवर पांढरा असतो, हे आमच्या लक्षात तिरोडकरांनीच आणून दिलं.

आमचा त्यांच्याशी संबंध आला तो अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले आणि निवृत्तीनंतर पूर्ण वेळ चहा पिण्याचं काम पत्करलेले. दिवसाला सात-आठ कप, दर कपात अडीच चमचे साखर. चालायचं म्हणजे खुर्चीपासून रेडिओपर्यंत. त्यांना सारखी तहान लागायला लागली तेव्हा त्यांनी स्वतःच निदान केलं: उन्हाळा आहे. तेव्हा डिसेंबर होता. मग मी त्यांना तिरोडकरांकडे घेऊन गेलो.

दुकानाच्या मागच्या खोलीत स्पिरिटचा दिवा होता. तिरोडकरांनी परीक्षानळीत निळं द्रावण घेतलं, त्यात अप्पांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत गेलं तर साखर वाढत चाललेली. अप्पांच्या नळीने वाटेत कुठेच मुक्काम केला नाही. ती थेट विटकरी झाली.

"अभिनंदन," तिरोडकर म्हणाले. "शेजारच्या शेठनी बघितलं तर तुम्हाला कारखान्यात नोकरी देतील."

"मग आता?" अप्पांनी विचारलं.

"आता डॉक्टरकडे जा. रक्त तपासा. ते लिहून देतील ती गोळी माझ्याकडून घ्या किंवा दुसऱ्याकडून घ्या, पण घ्या. ते झालं डॉक्टरचं. आता माझं ऐका. घरात पीठ कसलं खाता?"

"गव्हाचं."

"आणि?"

"आणि काय? गव्हाचंच."

"डाळ?"

"तुरीची."

"आणि?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. परीक्षेत उत्तर न येणारा प्रश्न बाजूच्याला विचारावा तसं.

"म्हणजे एक धान्य, एक डाळ, एक बटाटा," तिरोडकर म्हणाले. "तुमच्या आजीच्या घरी किती होती आठवतं? नाचणी, ज्वारी, वरी, कुळीथ, मूग, मटकी, चवळी, वाल. बरोबर परसातला पाला. ती बाई अडाणी होती, म्हणून तिला इतकं सगळं लागायचं. आपण शिकलो, म्हणून आपलं दोन डब्यांत भागतं."

डॉक्टरचं झाल्यावर अप्पा घरी आले ते गोळ्यांची पट्टी, नाचणीचं पीठ आणि जानकीकडची पाल्याची जुडी घेऊन. आईने जुडीकडे बघितलं आणि विचारलं, "बकरी कुठे बांधायची?"

पण आईनेच ते चालवलं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, तीन-चार डाळी मिसळून केलेली आमटी, रोज एक पालेभाजी. अप्पांनी पहिले दोन आठवडे उपोषणाला बसल्यासारखा चेहरा केला, पुढे खायला लागले, आणि नंतर तर येणाऱ्याजाणाऱ्याला ताटातल्या धान्यांची ओळख करून द्यायला लागले. संध्याकाळी चालत तिरोडकरांच्या दुकानापर्यंत जायचे. दोन-तीन महिन्यांनी नळी हिरव्यावर थांबली. तिरोडकरांनी ती उजेडात धरून दोनदा बघितली. म्हणाले, "शेठना कळवायला हवं, गिऱ्हाईक गेलं."

सगळ्यांच्याच बाबतीत हे इतकं सुरळीत झालं असं नाही. आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या बाईंनी उत्साहाने शेवळं नेली आणि जानकी सांगत होती ते न ऐकता नुसतीच परतून खाल्ली. शेवळांत काकडं नावाची आंबट रानफळं घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. तासाभरात त्या गळा धरून दुकानात आल्या. तिरोडकरांनी खाजेवरची गोळी काढून दिली.

"तुमच्यामुळे झालं हे," बाई कशाबशा म्हणाल्या.

"गोळीचा उपयोग नसतो असं मी कधी म्हटलंय?" तिरोडकर म्हणाले.

पायरीवरून जानकी हसत होती. ती तिरोडकरांना एकेरीच हाक मारायची. "ए शेट," ती म्हणाली, "तू निस्ती नावं शिकवतो लोकांना. रांधाया कोण शिकवल?" त्या दिवसापासून प्रत्येक जुडीबरोबर ती भाजी कशी करायची हे जानकी सांगायची आणि तिरोडकर ते गोळ्यांच्या कागदी पाकिटावर लिहून द्यायचे. आमच्या घरी अशी पाकिटं बरीच साठली होती. एका बाजूला 'जेवणानंतर एक', दुसऱ्या बाजूला 'टाकळा, लसूण भरपूर, झाकण ठेवू नये'.

मिठाईवाल्या शेठला मात्र पायरीवरची गर्दी खुपायला लागली. माती पडते, रस्ता अडतो, चांगली गिऱ्हाइकं बिचकतात, अशी त्यांची तक्रार. तिरोडकरांनी वाद घातला नाही. त्यांनी टोपली उचलून दुकानात आणली आणि काउंटरवर, खोकल्याच्या औषधांच्या बाजूला ठेवली. महिनाभरात औषध खात्याचा इन्स्पेक्टर आला. कोणी कळवलं हे विचारायची गरज नव्हती, शेठ त्या दिवशी सकाळपासून दारातच उभे होते.

इन्स्पेक्टर सभ्य माणूस होता. "औषधाच्या दुकानात भाजी ठेवता येत नाही," तो म्हणाला.

"मान्य," तिरोडकर म्हणाले. "आणि ह्या लिमलेटच्या गोळ्या? ह्या सरबताच्या बाटल्या? ही लहान मुलांची साखरेची पावडर, जिच्या डब्यावर गुबगुबीत पोर आहे?"

"त्यांना लेबल आहे."

"बरोबर. टाकळ्याला लेबल लावायचं राहिलंच."

इन्स्पेक्टरने शेरा लिहिला आणि टोपली पुन्हा पायरीवर गेली. तिरोडकरांनी कायदा पाळला. फक्त दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःची खुर्ची दुकानाबाहेर, टोपलीशेजारी टाकून बसायला लागले. औषध हवं असेल तर ते उठून आत जायचे. आधी टोपलीवरून नजर फिरवल्याशिवाय गिऱ्हाइकाला काउंटर दिसतच नसे.

हा माणूस सदासर्वदा टोमणेच मारतो, अशी माझी समजूत होती. ती एका दुपारी मोडली. दुकानात कोणी नव्हतं. मी अप्पांच्या गोळ्या न्यायला गेलो होतो. तिरोडकर गावाहून नुकतेच परतले होते आणि काउंटरवर औषधांच्या रिकाम्या तपकिरी बाटल्या ओळीने मांडून बसले होते. प्रत्येक बाटलीत थोडंथोडं भात, कुठे नाचणी, कुठे कुळीथ. बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं चाललं होतं.

"हे काय काका?"

"बी," ते म्हणाले. आणखी एका बाटलीला चिठ्ठी चिकटवली. मग आपणहून सांगायला लागले.

गावची शेती त्यांचे धाकटे भाऊ बघत. वडिलांच्या वेळी त्यांच्या शेतात चार-पाच जातींचं भात होतं. वालय, बेळा, सोरटी, मुणगा. पाणथळीला एक, चढावर दुसरं, आजाऱ्याच्या पेजेला तिसरं. वरकस, हलक्या जमिनीवर नाचणी आणि वरी, बांधावर तूर, भातानंतर कुळीथ आणि चवळी. भावाने ते सगळं बंद केलं. भरघोस पिकणारी एकच नवी जात सगळ्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, लावली. डोंगरावरची नाचणी सोडून दिली, कारण रेशनवर गहू आणि साखर मिळत होती आणि नाचणी खाणं हे गरिबीचं लक्षण होतं. दोन वर्षं पीक उत्तम आलं. तिसऱ्या वर्षी तुडतुडे पडले.

"पूर्वीही पडायचे," तिरोडकर म्हणाले. "पण एक जात गेली तर दुसरी तगायची. ह्या वेळी एकाच किल्लीने घरातली सगळी कुलपं उघडावीत तसं झालं. एक दाणा घरात आला नाही. आणि जुनं बी मागायला गेलो तर गावात कोणाकडे नाही. सगळे सुधारलेले. एका म्हातारीकडे मडक्यात थोडं मिळालं, ते हे."

"मग हे इथे बाटलीत ठेवून काय होणार?"

"काहीच नाही. दोन-तीन वर्षं बाटलीत राहिलं की मरतं. पेरायला हवं." ते एका बाटलीकडे बघत राहिले. "शेतात एक पीक, ताटात एक पदार्थ. रोग मात्र अंगात पाच-सहा तऱ्हेचे. तेवढी एकच विविधता आपण जपली, बघ."

शेवटी टोमणा मारलाच, पण आवाज टोमण्याचा नव्हता.

तो पावसाळा येण्याआधी त्यातल्या निम्म्या बाटल्या जानकीने नेल्या. आधी तिने दाणे दाताखाली चावून बघितले, आणि डोंगराच्या उताराला कुठलं भात येईल, कुठलं मरेल, हे तिरोडकरांना ऐकवलं. डी.फार्म. झालेला माणूस पायरीवर बसून ते मुकाट लिहून घेत होता. दिवाळीच्या सुमारास तिने मूठमूठ बी परत आणून दिलं. तिरोडकरांनी त्या दिवशी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं, कारण ते बाटल्या धूत होते.

आता जे सांगायचं आहे ते अप्पांना आवडलं नसतं.

नळी हिरवी झाल्यावर अप्पांना वाटायला लागलं, आपण बरे झालो. मधुमेह हा पाहुण्यासारखा जातो, अशी त्यांची कल्पना होती. त्यांनी कोणाला न सांगता गोळी बंद केली. पट्टी संपायची वेळ झाली की मी नवी आणायचो, ते ती उशीखाली सरकवायचे. त्यात एप्रिल आला. तिरोडकर झाडापानांचं खा म्हणतात, आंबाही झाडालाच लागतो, असा तर्क लढवून ते आई झोपली की दुपारचे दोन-तीन हापूस चोखायला लागले. पुढे नव्या चपलेने डाव्या पायाचा अंगठा सोलवटला. दुखत नव्हतं, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. मधुमेहात दुखत नाही हेच वाईट असतं, हे आम्हाला नंतर कळलं. आईला खोलीत वास आला तेव्हा अंगठा काळा पडला होता.

इस्पितळात अंगठा कापावा लागला. पाय वाचला तो थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी तिरोडकर आले. उन्हातून चालत आले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना राग काढायला माणूस हवाच होता.

"तुमच्या नाचणीवर भरवसा ठेवला, त्याचं हे फळ," अप्पा म्हणाले.

मला वाटलं आता तिरोडकर चष्मा चढवणार. उशीखालच्या पट्ट्या आम्हाला सापडल्या होत्या, आणि अप्पा कुठे चुकले हे मी तिरोडकरांना इस्पितळाच्या दारातच सांगितलं होतं. उत्तर तयार होतं, आणि ते खरंही होतं. पण ते पलंगाच्या कडेला बसले आणि अगदी हळू म्हणाले, "मी खाऊक सांगलंय, अप्पानू. गोळी सोडूक सांगूक नाय." मग थांबून, "पण दोनी गोष्टी दरवेळी सांगूक होयो होत्यो. माझा चुकला."

अप्पांनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

अप्पा घरी आल्यावर तिरोडकर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी आमच्याकडे यायचे आणि स्वतः जखम धुऊन पट्टी बांधायचे. जवळजवळ दोन महिने. एकही दिवस चुकला नाही, एकही टोमणा नाही. आम्हालाच चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी एका सकाळी आईने चहाबरोबर तळलेले बटाट्याचे काप ठेवले, तेव्हा ते बशीकडे बघून म्हणाले, "वहिनी, उरलेली नऊ बोटं नकोशी झालीत का?" आई पदराआड हसली आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

दुकानात मात्र त्यांनी एक पाटी लावली. अक्षर त्यांचंच, मोठं आणि तिरपं. 'येथील भाजी गोळीऐवजी नाही, गोळीबरोबर आहे. ज्यांना अजून गोळी लागलेली नाही त्यांनी भाजी आधी खावी.' शेठना पाटी फार आवडली. तुमची भाजी कुचकामी आहे हे तुम्हीच लिहून दिलंत, असं ते म्हणाले. त्याच वर्षी शेठच्या थोरल्या भावाला दुकानातच चक्कर आली, तपासल्यावर साखर निघाली, आणि तेव्हापासून शेठ दुपारी, नोकर जेवायला गेले की, जानकीकडून कारली घ्यायला लागले. वर्तमानपत्रात गुंडाळून. दारूची बाटली नेतात तशी.

अप्पा पुढे पुष्कळ वर्षं जगले. गोळी, भाकरी आणि नऊ बोटं यांच्यावर. उशीखालचा उद्योग त्यांनी नंतर कधी केला नाही. आंब्याची एक फोड खायचे आणि ती कापताना आईने तोलून बघितल्यासारखं केलं की चिडायचे.

दशक संपत आलं तेव्हा गावाहून निरोप आला की तिरोडकरांच्या भावाला अर्धांगाचा झटका आला. रक्तदाब कधी मोजलाच नव्हता. आता उजवा हात उचलत नव्हता आणि शेत बघायला कोणी नव्हतं. तिरोडकरांनी महिन्याभरात दुकान विकलं. मी म्हटलं, "काका, या वयात चिखलात उतरणार?" ते म्हणाले, "भावाला भाकरी कोण खायला लावणार? आयुष्यभर परक्यांना शिकवलं. घरचा राहिला." दुकान एका तरुण केमिस्टने घेतलं. तो गिऱ्हाइकाला काही म्हणजे काहीच विचारत नाही. धंदा उत्तम चालतो. जानकी थोडे दिवस पायरीवर बसली, मग तिथे शीतपेयांचा फ्रीज आला आणि ती स्टेशनपलीकडे गेली.

ते निघाले त्या सकाळी मी बोरिवलीच्या एसटी डेपोत गेलो होतो. बस मालवणची. तिरोडकर काकू आधीच गावी गेल्या होत्या, ते एकटेच होते. खिडकीशी बसले होते, गळ्यात चष्मा, मांडीवर पिशवी. मला बघून हात केला. खूप काही बोलायचं ठरवून गेलो होतो, पण ड्रायव्हर चढला होता आणि इंजिन घरघरत होतं.

त्यांच्या शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती, गावाकडचीच. तिने कंबरेची पिशवी सोडून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला, दातांनी फोडला आणि तो तिरोडकरांपुढे धरला. "खा रे बाबा, सकाळपासून उपाशी दिसतंस," असं काहीसं ती म्हणाली असावी. मी मनातल्या मनात त्या म्हातारीची कीव केली. आता मैदा, साखर, डालडा, तिची आजी आणि तिच्या आजीचं परस, सगळं निघणार होतं आणि मालवणपर्यंत तिची सुटका नव्हती.

तिरोडकरांनी पुड्याकडे बघितलं. मग तिच्या हाताकडे. चष्मा गळ्यातच राहिला. त्यांनी दोन बिस्किटं घेतली आणि निमूट खाल्ली.

बस फाटकाकडे वळली तेव्हा ते तिसरं घेत होते.